मठाचं माप

जळगावहून धुळ्याला सायकलनं जाणारा माणूस आणि धुळ्याहून जळगावला परतणारा माणूस एकच असतो, पण सायकलच्या मीटरला ते पटत नाही. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे असा हा नव्वद-पंचाण्णव किलोमीटरचा महामार्ग पश्चिमेकडे जातो, आणि उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत वारा त्याच पश्चिमेकडून येतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचं रान उभं आहे, ते काही उगाच नाही. तिकडे ज्या वाऱ्यावर वीज तयार होते तोच वारा इकडे पारोळ्याच्या अलीकडे सायकलवाल्याच्या छातीवर येऊन बसतो.

हिशेब मांडला की गंमत कळते. माझ्या अंगकाठीचा माणूस शांत हवेत, सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरनं चालला तर त्याच्या पायांना साधारण १०० वॅट ताकद लावावी लागते. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा सुटला की तोच वेग राखायला जवळजवळ २०० वॅट लागतात. आणि त्यानं ताकद न वाढवता शंभरावरच ठेवली, तर वेग सतरा-अठरावर येतो. तोच वारा पाठीशी आला की त्याच शंभर वॅटमध्ये गाडी पस्तिशीला टेकते. म्हणजे पाय तेच, दम तोच, आणि मीटर एकदा सतरा म्हणतो, एकदा पस्तीस. सकाळी धुळ्याकडे जाताना ज्याला आपलं वय झालं असं वाटलेलं असतं, तोच माणूस परतीला एरंडोलच्या पुढे स्वतःवर खूश असतो. दोन्ही वेळा त्याची समजूत वाऱ्यानं करून दिलेली असते.

वेग हा सामाईक सातबारा आहे. त्यावर आपलं नाव असतं, पण शेजारी वाऱ्याचं, उताराचं, नव्या डांबराचं, टायरमधल्या हवेचं आणि पुढे चाललेल्या केळीच्या ट्रकचंही असतं. आपला हिस्सा किती, हे त्यावरून निघत नाही. पॉवर मीटर हे यंत्र एवढंच करतं. पायांचा हिस्सा वेगळा काढून दाखवतं.

एक सायकल असेल तर हा प्रश्न अजून तसा सोपा आहे. माझी नोकरी जळगावात आणि घर धुळ्यात, त्यामुळे सायकलींचा संसार दोन गावांत वाढला. धुळ्याला जुनी लोखंडी रेसर आहे. तिची चौकट बारीक नळ्यांची, ब्रेक रिमवर घासणारे, गिअर बदलायचा दांडा खालच्या नळीवर. जळगावात रोजच्या वापराची ॲल्युमिनियमची रोड बाईक आहे. आणि ब्रेव्हेसाठी, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत अशा लांबच्या फेऱ्यांसाठी, डिस्क ब्रेकची कार्बन गाडी आहे. ती कधी या गावात असते, कधी त्या गावात.

तीन सायकली झाल्या की माणसाकडे तीन सबबीही होतात. लोखंडी गाडीवर वेग आला नाही तर ती जडच आहे. ॲल्युमिनियमवर आला नाही तर तिचे टायर रुंद आहेत. कार्बनवर आला नाही तर वारा होता. उलटंही तेवढंच खरं. कार्बनवर बरा वेग आला की त्याचं श्रेय आपण पायांना देऊन टाकतो, गाडीला कोणी देत नाही. प्रत्येक सायकलचा स्वतःचा नावलौकिक तयार होतो आणि तो बहुधा एखाद्या दिवशीच्या वाऱ्यावर उभा असतो. लळिंगच्या चढावर एकदा पाठीशी वारा मिळालेली गाडी पुढे वर्षभर ‘चढाची गाडी’ म्हणून मिरवते.

मी पॉवर मीटर बघतोय हे कळल्यावर आबांनी विचारलं, “मोजीसन काय करशी?” आबा धुळ्याच्या गिरणीत होते. आयुष्यभर सायकलनं कामाला गेले. त्यांचं मोजमाप भोंग्याचं होतं. भोंगा व्हायच्या आत फाटकातून आत गेलं की वेग बरोबर, भोंगा रस्त्यात ऐकू आला की कमी. त्या मापाला विजेरी लागत नव्हती आणि ते कधी चुकतही नव्हतं. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. वॅट म्हणजे काय ते मात्र मी सांगू लागलो.

वॅट हा शब्द आपल्याकडे वीजबिलातून घरात आला. जळगाव जिल्ह्यात तर तो दीपनगरच्या चिमण्यांच्या रूपानं दुरूनही दिसतो. भुसावळच्या त्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॅटचे संच आहेत. सरावलेला हौशी सायकलस्वार तासभर टिकवून २०० वॅट देतो असं धरलं, तर तिथल्या एका संचाची जागा घ्यायला २५ लाख सायकलस्वार लागतील. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांच्या घरात होती. त्यातली तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं वगळून झाडून सगळ्यांना सायकलवर बसवलं तरी एका संचापुरती वीज जेमतेम निघेल, आणि तीही सगळे दमेपर्यंत. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर, असा स्वार पाच तास न थांबता पेडल मारतो तेव्हा एक युनिट होतं. धुळ्यापासून मालेगाव, तिथून परत, वर आणखी थोडं, एवढ्या घामाची किंमत वीजबिलावर काही रुपये.

आबा हसले. “म्हंजे आयुष्यभर मी दोन दिव्यांइतका चाललो,” म्हणाले. हिशेब अगदीच चुकीचा नव्हता.

हे मोजायचं कसं, हा प्रश्न सायकलीपेक्षा जुना आहे. धातूची तार ताणली की तिचा विद्युतरोध वाढतो, हे लॉर्ड केल्व्हिननं १८५६ मध्ये दाखवून दिलं होतं. त्यावरून ताण मोजणारी, पृष्ठभागावर चिकटवायची बारीक पट्टी १९३८ च्या सुमारास अमेरिकेत दोन ठिकाणी, एकमेकांना न विचारता, तयार झाली. ही पट्टी म्हणजे स्ट्रेन गेज. लोखंडाचा जाड तुकडासुद्धा भार आला की किंचित वाकतो. डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर डकवलेल्या पट्टीला कळतं. उल्रिख शोबेरर या जर्मन अभियंत्यानं १९८६ मध्ये ही पट्टी सायकलच्या क्रँकमध्ये बसवली आणि एसआरएम हे पहिलं वापरण्याजोगं पॉवर मीटर जन्माला आलं. क्रँक किती वाकतो त्यावरून पायाचा जोर, आणि मिनिटाला किती फेरे होतात त्यावरून गती. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट.

खानदेशातल्या माणसाला ही पट्टी अनोळखी वाटायचं कारण नाही. रावेर-सावद्याकडे केळीचे ट्रक ज्या वजनकाट्यावर चढतात, जिनिंगच्या दारात कापसाची गाडी ज्याच्यावर उभी राहते, त्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात लोड सेल असतात आणि लोड सेलच्या पोटात हीच पट्टी. पंधरा-वीस टनांच्या ट्रकखाली आणि माझ्या टाचेखाली एकच तत्त्व काम करतं. काट्यावरचा एक रिवाज तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतो. भरलेली गाडी ज्या काट्यावर मोजली, रिकामी गाडीही त्याच काट्यावर मोजायची. काटा वीस किलो जास्त दाखवत असला तरी दोन्ही वेळा तोच वीस किलो जास्त दाखवतो आणि वजाबाकीत तो दोष निघून जातो. भरलेली इथं आणि रिकामी पुढच्या गावच्या काट्यावर मोजली, तर दोन्ही काटे एरवी चांगले असूनही मालाचं वजन कुणालाच नक्की सांगता येत नाही.

पॉवर मीटर निवडताना मी बराच काळ चुळबुळत होतो, त्याचं उत्तर या रिवाजात होतं. पण तिथवर पोचायच्या आधी बाजारातल्या जातींची ओळख करून घ्यावी लागते.

एक जात मागच्या चाकाच्या हबमध्ये बसते. पॉवरटॅप हे त्यातलं गाजलेलं नाव. कल्पना चांगली आहे, कारण चाक काढून दुसऱ्या सायकलला लावणं हे मिनिटभराचं काम. पण माझ्या तीन गाड्यांमध्ये एक चाक फिरू शकत नाही. लोखंडीला रिम ब्रेक, कार्बनला डिस्क. एकीचा आस क्विक रिलीजचा, दुसरीचा आरपार जाणारा जाड. मागच्या दात्यांची संख्या वेगळी. जे चाक एकीला बसतं ते दुसरीच्या फाट्यात शिरतही नाही.

दुसरी जात क्रँकची. पेडलचा दांडा जिथं चेनरिंगला भेटतो त्या मधल्या ताऱ्यात यंत्र असतं. एसआरएम असंच आहे, क्वार्कही असंच. जाणकार यालाच सर्वांत भरवशाचं मानतात, कारण दोन्ही पायांचा जोर तिथून जातो आणि ते एकदा बसवलं की त्याला कोणी हात लावत नाही. हात लावायचा नाही हीच माझी अडचण. चौकटीच्या तळाशी जिथं आस फिरतो तिथली मापं कंपनीगणिक वेगळी. कुठं आट्यांचं बेअरिंग, कुठं दाबून बसवलेलं. शिमानोचा आस २४ मिलिमीटरचा, स्रॅमचा जवळपास २९ चा. दर शनिवारी क्रँक काढून दुसऱ्या गावच्या गाडीला लावायचा म्हणजे सायकल चालवणं राहिलं बाजूला, मिस्त्रीच व्हावं लागेल.

तिसरी जात फक्त डाव्या दांड्याची. स्वस्त, हलकी, आणि म्हणून पुष्कळ खपणारी. डाव्या क्रँकवर बटणाएवढा डबा चिकटवलेला असतो. तो डाव्या पायाचा जोर मोजतो आणि त्याची दुप्पट करून सांगतो. दोन्ही पाय सारखे असते तर प्रश्न नव्हता. पण शेतात नांगरामागे, गिरणीत सांच्यासमोर किंवा ऑफिसच्या खुर्चीत, माणसाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त राबलेला असतोच. डावा ४८ आणि उजवा ५२ असा वाटा असेल, तर खऱ्या २०० वॅटचे इथं १९२ दिसतात. तेवढं खपवून घेता येईल. पण दमल्यावर हा वाटा बदलतो, आणि तो बदलला हे या यंत्राला कधी कळत नाही. तरीही ज्याच्या सगळ्या सायकलींना एकाच कंपनीचे, एकाच लांबीचे क्रँक आहेत, त्यानं दुसरीकडे बघू नये. दोन बोल्ट सैल केले की डावा दांडा निघतो आणि दुसऱ्या गाडीला लागतो.

चौथी जात पेडलची. यंत्र पेडलच्या आसात असतं. फावेरो, गार्मिन, अशी नावं त्यात चालतात. हे महाग. दोन्ही पायांचं घ्यायचं तर खर्च पन्नास हजारांच्या पुढे. पारोळ्याला चहाच्या टपरीवर कुणीतरी नेहमी विचारतं, “कितलानी शे, भाऊ?” आणि सायकलची किंमत ऐकल्यावर निवाडा येतो, “इतला पैसामा ते फटफटी येती.” पेडलची किंमत त्या टपरीवर मी सांगणार नाही.

पण या जातीचा एक गुण बाकी तिघींत नाही. आधुनिक रोड बाईकचं पेडल, मग गाडी लोखंडाची असो की कार्बनची, नऊ सोळांश इंचाच्या त्याच आट्यांवर बसतं. ब्रेक कुठलाही असो, गिअर कितीही असोत, आस चोवीसचा असो की एकोणतीसचा, पेडलला देणंघेणं नाही. आठच्या ॲलन कीनं काढायचं, पिशवीत टाकायचं, एसटीनं किंवा चाळीसगाव-धुळे गाडीनं दुसऱ्या गावी जायचं आणि तिथल्या सायकलला लावायचं. सायकल जिथल्या तिथं राहते, माप माणसाबरोबर प्रवास करतं.

ही कल्पना मी आमच्या मिस्त्रीला सांगितली तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. “पायडल रोज काढ-घाल करणार? आटे जातील, भाऊ.” त्याची काळजी रास्त होती. क्रँक ॲल्युमिनियमचा, पेडलचा आस पोलादाचा; वाकडा बसवून ताकद लावली की मऊ धातू हरतो. मग त्यानं स्वतःच करून दाखवलं. जुन्या फडक्यानं आटे पुसले. बोटाच्या पेराएवढं ग्रीस घेऊन आसाला सगळीकडून लावलं. पेडल क्रँकच्या भोकाशी धरलं आणि पान्ह्याला हात न लावता, दोन बोटांनी फिरवत आत नेलं. तीन-चार फेरे बोटांनी सहज गेले म्हणजे ते सरळ बसलंय. अडलं तर तिथंच थांबायचं, मागं फिरवायचं, पुन्हा धरायचं. पान्हा शेवटच्या घट्ट करण्यापुरता. “जोर पायानं लावायचा असतो, हातानं नाही,” असं म्हणून त्यानं पान्हा माझ्या हातात दिला.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. विमानाच्या आधी डेटन गावी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंनी १९०० च्या सुमारास आपल्या गाड्यांना हे उलटे आटे दिले होते, कारण फिरत्या भारानं डावं पेडल चालता चालता आपोआप सुटून यायचं. मिस्त्रीला राइट बंधूंशी कर्तव्य नव्हतं. त्याचा नियम सोपा आहे. पान्हा वरच्या बाजूला उभा धरायचा. मागच्या चाकाकडे ओढला की पेडल सुटतं, पुढच्या चाकाकडे ओढला की बसतं. डावं-उजवं दोन्हींना तोच नियम. एवढ्या सुटसुटीत शब्दांत हे मला एकाही माहितीपत्रकात मिळालं नव्हतं.

गाडी बदलली की आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली क्रँकची लांबी. जोर गुणिले दांड्याची लांबी असा हिशेब असल्यामुळे यंत्राला ती लांबी सांगावी लागते. माझ्या लोखंडी गाडीचा क्रँक १७० मिलिमीटरचा, कार्बनचा १७२.५ चा. अडीच मिलिमीटर म्हणजे दोन नाण्यांची जाडी, पण ते सांगायचं राहिलं तर आकडा दीड टक्का हलतो. दोनशे वॅटमागे तीन. दुसरी गोष्ट शून्याची. पेडलवर पाय नसताना यंत्रानं शून्य दाखवलं पाहिजे. धातू तापला की पसरतो, गार झाला की आकसतो, आणि ही पट्टी त्यालाही ताण समजू शकते. चांगल्या यंत्रात तापमानाची दुरुस्ती आतच केलेली असते, तरी आमच्याकडचं हवामान तिची परीक्षा पाहतं. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. थंडीच्या लाटेत धुळ्याला तोच पाच-सहा अंशांवर येतो. म्हणून घरातून गाडी बाहेर काढायची, दहा मिनिटं बाहेरच्या हवेत उभी ठेवायची, तोवर बाटल्या भरायच्या, बुटाचे बंद आवळायचे, आणि मग शून्य करायचं. काट्यावर ट्रक चढायच्या आधी काटेवाला आकड्याकडे एकदा बघतो, तेच हे बघणं.

पेडलचा विचार मनात पक्का होत होता तेव्हा मी एकदा चाळीसगावहून पाटणादेवीला गेलो. घाटाच्या पायथ्याचा, गौताळ्याच्या जंगलाकडे जाणारा हा रस्ता सायकलवाल्यांचा आवडता आहे. तिथं जवळच पाटण गावात चांगदेवाचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांच्या नजरेला आणला. हा चांगदेव म्हणजे भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यानं इथं मठ काढला आणि त्या मठाला शके ११२८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमारास, दानं मिळाली. भास्कराचार्यांचं गाव नेमकं कोणतं यावर वाद आहे, पण त्यांचं गणित या डोंगराखाली शिकवलं जात होतं याबद्दल वाद नाही.

भास्कराचार्यांचा आणि चाकाचा एक संबंध सायकलवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘सिद्धांतशिरोमणी’त त्यांनी आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन केलंय. पोकळ आरे, त्यांत अर्धवट भरलेला पारा, आणि एकदा गती दिली की पारा इकडून तिकडे सरकत चाक फिरतच राहणार. असं चाक कधी फिरलं नाही आणि फिरणारही नाही. फिरलं असतं तर आम्हाला वॅट मोजायची वेळच आली नसती. पण त्याच माणसाची ‘लीलावती’ उघडली की आरंभी बेरीज-वजाबाकी येत नाही, मापं येतात. आठ यवांचं एक अंगुल, चोवीस अंगुलांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश, चार क्रोशांचं योजन. नाण्यांची मापं, वजनांची मापं, धान्याची मापं. आधी माप ठरवू, मग गणित करू.

शिलालेखाचा शेवटचा भाग तर थेट बाजाराबद्दल आहे आणि तो त्या काळच्या मराठीत आहे. पाटणच्या पेठेत विकायला येणाऱ्या मालावर मठाला काय मिळावं, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल, अशी यादी आहे. त्यातच एक दंडक आहे की इथं जे मोजायचं ते मठाच्याच मापानं मोजावं. मापाईचा अर्धा वाटा मठाला, अर्धा मोजणाऱ्याला. मठाचं माप दुसऱ्या गावच्या मापाहून चांगलं होतं असा दावा त्यात नाही. ते थोडं लहान असेल, थोडं मोठं असेल. पेठेतल्या प्रत्येक सौद्याला तेच लावायचं, एवढंच म्हणणं आहे. तेल, धान्य, सुपारी, ज्यानं त्यानं आपापल्या घरचं माप आणलं असतं तर व्यवहार राहिला असता बाजूला, वाद उरले असते.

पॉवर मीटर विकणारे अचूकतेच्या टक्केवारीवर भांडतात. कोणी एक टक्का म्हणतं, कोणी दोन. समजा मी तिन्ही सायकलींना तीन वेगवेगळी यंत्रं बसवली. तिन्ही एक टक्क्याच्या आत अचूक, पण एक वरच्या बाजूला, एक खालच्या. कार्बनवर २०२ आणि लोखंडीवर १९८ दिसेल. मधले चार वॅट कुठून आले? गाडीमुळे, पायांमुळे की यंत्रामुळे, कोण सांगणार? दोन महिन्यांच्या सरावानं पायांत जेवढी भर पडते तीही कित्येकदा एवढीच असते. ती भर यंत्रांच्या भांडणात बुडून जाणार. उलट एकच यंत्र, दोन टक्क्यांनी चुकणारं का असेना, तिन्ही गाड्यांवर तसंच चुकत राहिलं तर मार्चपेक्षा मे महिन्यात आपण कुठं आहोत हे ते चोख सांगेल. घरात सरावासाठी ठेवलेला स्मार्ट ट्रेनर स्वतःचा आकडा सांगतो, तोही दुर्लक्षून पेडलचाच धरायचा. यंत्र अचूक असावं, पण त्याआधी ते एकनिष्ठ असावं. निवडीचा निकष मला यापलीकडे सापडला नाही.

हे माप काय सांगत नाही तेही मला मान्य आहे. दोनशे वॅट जानेवारीच्या पहाटे आणि दोनशे वॅट मे महिन्यातल्या सकाळी नऊ वाजता, यंत्राच्या लेखी दोन्ही सारखे. शरीराच्या लेखी नाहीत. उन्हात शरीर गार ठेवायला रक्ताला स्नायूंबरोबर कातडीकडेही धावावं लागतं, त्यामुळे त्याच कामाला ठोके कितीतरी जास्त पडतात. वॅट म्हणजे केलेलं काम आणि ठोके म्हणजे त्याची मोजलेली किंमत. नुसता पहिला आकडा बघून एप्रिलमध्ये दुपारपर्यंत चालवत राहणारा माणूस दवाखान्यात पोचतो. पुढच्या वळणावर रसवंती आहे हेही यंत्राला कळत नाही, आणि कळावं अशी माझी अपेक्षाही नाही.

मग आबांच्या प्रश्नाचं काय? मोजून वेग वाढतो, हे उत्तर अर्धं आहे आणि माझ्या वयाला ते शोभतही नाही. या वयात आकडा चढतो तो थोडे दिवस; पुढे तो उतरणारच. तासभर टिकणारे दोनशे वॅट कधी एकशेनव्वद होतील, मग एकशेऐंशी. त्या उतरणीला माझ्याकडे आजवर तीन सायकली, पश्चिमेचा वारा आणि महामार्गाचं चौपदरीकरण एवढी कारणं तयार होती. आबांचा भोंगा त्यांना सबब देत नव्हता. फाटक उघडं असायचं नाहीतर बंद. त्यांनी ते माप तीस-पस्तीस वर्षं निमूट पाळलं, आणि सायकल कितीदा बदलली तरी भोंगा बदलला नाही. मला हवंय तेही तसंच, फक्त माझ्या गावात आता गिरणी नाही.

दोन्ही पायांची पेडलं मागवली आहेत. जेव्हा आकडा खाली येईल तेव्हा तिन्ही गाड्यांवर सारखाच खाली येईल आणि दोष द्यायला एकही सायकल उरणार नाही. हे स्वतःबद्दल वेळेवर कळणार असेल, तर फटफटीचे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही.